रेंडर लावलाय, बंद करू नका!

रात्री गॅस, नळ आणि दिवे नीट बंद आहेत ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. तुमच्यापैकी निम्म्या भगिनींची हीच गत असणार! तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अडीचच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. पाहते तर बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर घरघरतोय, पडद्यावर काहीच नाही, आणि आमची भाची टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलेली. मी तिच्या अंगावर चादर घातली आणि भिंतीवरचं बटण हळूच बंद केलं. वीजही वाचली आणि पोरीची झोपही मोडली नाही. मोठ्या समाधानानं जाऊन आडवी झाले.

सकाळी सहाला जाग आली ती तिच्या हुंदक्यांनी.

झालं होतं ते असं. तिला तीन सेकंदांचं एक दृश्य दहा वाजता कॉलेजात दाखवायचं होतं. तीन सेकंद म्हणजे ७२ फ्रेम्स. कॉम्प्युटरला एकेक फ्रेम उजेड-सावलीसकट तयार करायला सहा मिनिटं लागत होती. या कामाला ती मंडळी ‘रेंडर’ म्हणतात. म्हणजे सात तास बारा मिनिटांचं काम. अकराला लावलं की सव्वासहाला तयार, असा तिचा हिशेब. तो माझ्या एका बटणानं उधळला गेला. बरं, अर्ध्या झालेल्या फ्रेम्स तरी वाचाव्यात? त्याही नाहीत. प्रत्येक फ्रेम वेगळं चित्र म्हणून साठवली असती, तर उरलेलीच काय ती पुन्हा करावी लागली असती. तिनं सरळ एकच व्हिडिओ करायला लावला होता. तो अर्धवट राहिला आणि उघडेचना.

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण तिनं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, “जाऊ दे मावशी. तुला तरी कसं कळणार?”

हे वाक्य मला लागलं. कारण ते खरं होतं.

हा कसला अभ्यास?

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, अकोल्याची. बारावीनंतर तिनं पुण्यातल्या एका कॉलेजात अ‍ॅनिमेशनच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि राहायला आमच्याकडे आली. भावोजी सहकारी बँकेत हिशेबनीस होते, आता निवृत्त. फीसाठी त्यांनी कर्ज काढलं तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झालीच. “कार्टून काढायला कर्ज?” डॉक्टरकीचा अभ्यास असता तर हीच मंडळी पेढे मागायला आली असती!

खरं सांगते, मलाही त्यात अभ्यास दिसत नव्हता. आपल्या डोक्यात अभ्यासाचं चित्र म्हणजे पुढ्यात जाडजूड पुस्तक आणि ओठांत पुटपुटणं. इथे पोरगी कधी मंडईत बसून भाजीवाल्यांची चित्रं काढतेय, कधी आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करतेय, तर कधी यांना हॉलमध्ये दहा वेळा चालायला लावून त्यांची पावलं निरखतेय. हे म्हणाले, “अगं, मला चालता येतं हे लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी तरी कौतुकानं पाहतंय!”

त्या सकाळनंतर मात्र मी ठरवलं की विचारायचं. रोज संध्याकाळी चहाबरोबर एक प्रश्न. आणि हळूहळू कळत गेलं.

पहिल्या वर्षाचं सगळ्यात प्रसिद्ध काम म्हणजे उसळणारा चेंडू. सोपं वाटतं ना? पण तोच चेंडू रबराचा असेल तर वेगळा उसळतो आणि लोखंडाचा असेल तर वेगळा. मुलांच्या चेंडूला वजनच येत नाही, तो फुग्यासारखा तरंगत राहतो. मग पुन्हा काढायचा. त्यानंतर पिठाचं पोतं. डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. तरी ते रुसलंय, घाबरलंय, खूश झालंय, हे नुसत्या वाकण्या-फुगण्यातून दिसलं पाहिजे. त्यानंतर माणसाचं चालणं. पुढे गोष्ट लिहिणं, तिची चित्रपट्टी करणं, आवाज, रंग, प्रकाश आणि सगळ्याची जुळणी.

शिवाय ‘ज्युरी’ असते. सगळ्या वर्गासमोर काम लावायचं आणि शिक्षकांनी त्यातल्या उणिवा काढायच्या. गणिताचा पेपर चुकला तर तो तुमच्यात आणि मास्तरांत राहतो. इथे रात्र-रात्र जागून काढलेलं चित्र तीस जणांसमोर पडतं. पहिल्या वर्षी तिच्या वर्गातली दोन मुलं त्यानंतर परत आलीच नाहीत.

मोजायचं कसं?

वाचकहो, या कामाचं ओझं समजायचं असेल तर एकच आकडा लक्षात ठेवा: २४. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम्स असतात. एका मिनिटाच्या झाल्या १,४४०. हातानं काढताना एकच चित्र सहसा दोन फ्रेम्सना वापरतात, तरीही मिनिटाला ७२० चित्रं उरतातच. आपण कणीक मळता मळता जी मिनिटभराची जाहिरात बघून विसरतो, तिच्यामागे हा डोंगर असतो.

बरं, पुस्तकी अभ्यासाला निदान शेवट असतो. शेवटचा धडा संपला की पुस्तक मिटतं. चित्राचं तसं नाही. ते नेहमीच आणखी थोडं बरं करता येतं. सावली जरा मऊ करू, बोट जरा वळवू... आणि यंत्र तर थकतच नाही. मग थांबायचं कुणी?

शेवटच्या वर्षी आमची भाची थांबेनाशी झाली. प्रत्येकानं स्वतःची एक फिल्म करायची होती. तिनं विषय घेतला तिच्या आजीचा, म्हणजे आमच्या ताईच्या सासूबाईंचा. कापसाच्या वाती वळणारी आजी. मनात चार मिनिटांची फिल्म: कपाशीचं शेत, जिनिंगचा कारखाना, रेल्वे, वाडा आणि शेवटी आजी. हातानं काढायची म्हणजे २,८८० चित्रं. जानेवारीत तिची झोप चार तासांवर आली, फेब्रुवारीत तीनवर. उजव्या मनगटाला पट्टा बांधून ती काढत बसे. जेवायला हाक मारली की “आलेच” म्हणे आणि ताट झाकून ठेवावं लागे.

मी काय केलं? कौतुक केलं! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, “आमची भाची तीन-तीन तासच झोपते हो!” आधी तिचे कष्ट मला दिसत नव्हते, आता दिसले तर मी ते मिरवायला लागले. दोन्ही चूकच.

एका सकाळी कॉलेजला जाताना सिग्नलपाशी स्कूटरवरच तिचा डोळा लागला. गाडी दुभाजकाला घासून पडली. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं वेळीच ब्रेक मारला म्हणून गुडघ्यावर निभावलं. दवाखान्यात टाके घालताना ती मला काय म्हणाली असेल? “मावशी, हात ठीक आहे ना गं? चित्र काढता येईल ना?”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ताईला मी काय तोंड दाखवलं असतं?

दादासाहेबांचे डोळे

त्या रात्री मला दादासाहेब फाळके आठवले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत झळकला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याआधीची हकीकत फारशी कुणी सांगत नाही. जे. जे. कला शाळेत शिकलेला हा माणूस सिनेमाच्या ध्यासानं इतका झपाटला, की मिळतील ते चित्रपट पाहायचे, घरी येऊन खटाटोप करायचे आणि झोपायचं जेमतेम तीन तास, असा क्रम सुरू झाला. शेवटी त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी ती परत आली. आली नसती तर? भारतीय सिनेमाचा जनक आंधळा होऊन घरी बसला असता.

त्याच फाळक्यांनी पुढे, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी चित्रं घेत त्याच्या वेलाची वाढ पडद्यावर दाखवली. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, त्यात काडेपेटीतल्या काड्या हलत्या केल्या. आमच्या भाचीच्या अभ्यासक्रमाचे हे आद्य विद्यार्थीच म्हणायचे! आणि घरात सरस्वतीबाई होत्या. अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या, फिल्म धुवायला मदत करत होत्या, शिवाय सगळ्या चमूचा स्वयंपाक करत होत्या. नवरा काय करतोय हे त्या माउलीला नेमकं ठाऊक होतं. ‘तुला कसं कळणार’ असं त्यांना कुणी म्हणू शकलं नसतं.

हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं. पण साधनं बदलली तरी दुखणं तेच आहे. अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीनं १९९९ साली ‘टॉय स्टोरी २’ काढला. आदल्या वर्षी एका चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या होत्या आणि राखीव प्रतीही निकामी निघाल्या. वाचवलं कुणी? बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका आईनं! तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. पुढे गोष्टच मनासारखी होईना म्हणून सगळा चित्रपट नऊ महिन्यांत नव्यानं करायला घेतला. त्या धावपळीत एक शिणलेला बाप बाळाला पाळणाघरात सोडायचं विसरला आणि गाडीत तसंच ठेवून कामावर गेला. बाळ बेशुद्ध सापडलं, सुदैवानं वाचलं. चित्रपट पुरा होईपर्यंत एक-तृतीयांश लोकांना हाता-मनगटांची दुखणी जडली होती. हे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एड कॅटमल यांनीच २०१४ च्या आपल्या पुस्तकात प्रांजळपणे लिहिलंय. चित्रपट जगभर गाजला. पण ते बाळ वाचलं नसतं, तर त्या यशाचं काय करायचं होतं?

चारवरून दीड

मी भाचीला घेऊन तिच्या मॅडमना भेटले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, तिची चित्रपट्टी उघडली आणि म्हणाल्या, “यात तुझी गोष्ट कुठे आहे?” ती गप्प. मॅडमनी बोट ठेवलं ते आजीच्या हातांवर. “हे ठेव. बाकीचं जाऊ दे. दीड मिनिट.”

शेत गेलं, कारखाना गेला, रेल्वे गेली. घरी येऊन पोरगी दोन तास रडली. मग झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली. त्यानंतर आम्ही घरात तीन नियम केले. एक, रात्री बाराला पेन खाली. यंत्राला जागू दे, माणसानं झोपायचं. दोन, कामाच्या तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. ती तिच्या मैत्रिणीकडे राहिली. तीन, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं. समोरच्या गुलमोहरावरचा कावळा आमच्या घरी तेव्हापासून फार ओळखीचा झाला!

एप्रिलमध्ये कॉलेजात सगळ्यांच्या फिल्म्स दाखवल्या. ताई-भावोजी रात्रभर प्रवास करून आले. दिवे मालवले. सुरकुतलेले दोन हात, कापसाचा पुंजका, बोटांना लावलेली चिमूटभर राख, मांडीवर वळली जाणारी वात. शेवटी वात पेटते आणि अंधार होतो. भावोजी माझ्या कानाशी पुटपुटले, “संपली?”

संध्याकाळी घरी त्यांनी लेकीला कागद-पेन्सिल मागितली. हिशेबनीस माणूस! “चित्रं किती?” “१,०८०, बाबा.” “एकाला वेळ?” “वीसेक मिनिटं.” त्यांनी गुणाकार केला, भागाकार केला. ३६० तास. दिवसाचे आठ धरले तर ४५ दिवस, एकही सुट्टी न घेता, आणि तेही नुसती चित्रं काढायला. भावोजींनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “आईची बोटं अगदी अशीच वळायची.” पुढे कुणालाच बोलवलं नाही.

तेव्हा अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था असो, मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी असो, की तुमच्या गावातलं एखादं कॉलेज, तुमचं मूल या वाटेला लागलं असेल तर त्याला ‘रात्रभर काय करतोस’ म्हणून रागावू नका आणि ‘रात्रभर जागतो’ म्हणून मिरवूही नका. त्याला विचारा, “आज किती फ्रेम्स झाल्या? किती उरल्या? त्यातल्या किती गाळता येतील?” हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. किती काम अंगावर घ्यायचं आणि कुठे थांबायचं, याचा पेपर कुठल्याच वेळापत्रकात नसतो. तो घरीच सोडवून घ्यावा लागतो.

भाची आता मुंबईला नोकरीला आहे. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या बटणावर मात्र तिच्या अक्षरातली चिठ्ठी अजून तशीच आहे: ‘रेंडर लावलाय, बंद करू नका!’ रात्री दिवे बघायला उठले की मी ती वाचते. आणि तिला एक निरोप पाठवते, ‘झोपलीस का गं?’

उत्तर आलं नाही की बरं वाटतं.