मागच्या दारची इंदू

साधनाताई आमटे २०११ साली गेल्या, वयाच्या ८५व्या वर्षी. त्यांचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते ती लग्नाआधीची, नागपूरच्या घुल्यांची इंदू. घरात बहिणीचं लग्न, पाहुण्यांची वर्दळ, आणि ही मुलगी मागच्या दारी म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला हात लावतेय. बाबा आमट्यांनी ते पाहिलं आणि तिथंच मनाशी ठरवलं, लग्न करायचं ते हिच्याशीच. पुढे दोघांनी कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन सुरू केलं तेव्हा वरोऱ्याचा खडकाळ माळ, ६ कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, हाताशी १४ रुपये; आणि पदरात विकास, प्रकाश ही दोन लहानगी. आनंदवन म्हटलं की आपण बाबांचंच नाव आधी घेतो, हे मला फार खुपतं. ताईंनी मात्र आपल्या आत्मकथनाला नाव दिलं ‘समिधा’.