फोटो काढला, पाहिला कोणी?

वरची दाढ पडून वर्षे लोटली की तिथले हाड झिजते आणि गालामागची सायनसची पोकळी खाली उतरते. मग स्क्रूचा दात (इम्प्लांट) बसवायला हाडच पुरत नाही. अशा वेळी डॉक्टर बाजूच्या भिंतीला खिडकी पाडून सायनसचा पडदा वर उचलतात आणि खाली हाडाची भुकटी भरतात. बॉइन आणि जेम्स यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेली ही शस्त्रक्रिया आता आपल्याकडेही सर्रास होते. नेमक्या त्याच भिंतीतून एक रोहिणी आडवी जाते. जबड्याच्या हाडाच्या कडेपासून तिचे अंतर साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, पण हाड जितके झिजलेले तितकी ती कडेजवळ आणि खिडकीच्या वाटेवर येते. बहुतेकांत ती बारीक असते. जाडीला दोन मिलिमीटरच्या पुढची असली आणि बर (हाड कोरणारे फिरते टोक) खुपसला गेला, तर रक्त आवरताना दिसायचेही बंद होते.

साध्या ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, हे कळत नाही. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये भिंतीच्या उभ्या छेदात ती बारीक गोल खाचेसारखी दिसते. तरी त्यावरही डोळे झाकून विसंबू नये. शवविच्छेदनात ती जवळजवळ प्रत्येकात सापडते, पण स्कॅनच्या काही अभ्यासांत जेमतेम निम्म्या बाजूंत दिसली. म्हणजे फोटोत नाही म्हणून भिंतीतही नाही, असा हिशेब चुकीचा.

सोयगावच्या माणसाला ही तपासणी म्हणजे एक वेगळी वारी असते. जळगाव गाठा, नाहीतर अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगर. एक दिवसाची मजुरी बुडते, वर स्कॅनचे पैसे. म्हणून ‘ओपीजीवर भागते का?’ असे विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. दोष द्यायचा तो दवाखान्याला, जिथे स्कॅन आणवला जातो आणि त्यात फक्त हाडाची उंची मोजून पाकीट बंद होते. एवढ्या खटाटोपाने आणलेल्या चित्रातली भिंत कोणीच न्याहाळत नसेल, तर तो किरणांचा डोसही फुकटच. (‘शिरा-बिरा ठीक आहेत’ हा शेरा काही तपासणी नव्हे.)

रोहिणी दिसली की मार्ग बरेच आहेत: खिडकी जरा खाली घ्या, बरऐवजी कंपनांवर चालणारे पिझो यंत्र वापरा, हाडाच्या कडेच्या बाजूने वर जा किंवा आखूड इम्प्लांट लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही आधीच विचारायला हवे. नाकातून रक्त येण्याचा त्रास शस्त्रक्रियेनंतर काही तासांनीही होऊ शकतो. तेव्हा सोयगाव तालुक्यातल्या बनोटी किंवा सावळदबाऱ्याच्या रुग्णाला त्याच संध्याकाळच्या एसटीत बसवून देणाऱ्या दवाखान्याने त्याच्या कागदावर रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर तरी लिहून द्यावा.