कराची : पावणेनऊशे किलोमीटर, व्हाया दुबई
- विशेष प्रतिनिधी

मुंबई ते कराची हे हवाई अंतर अवघे पावणेनऊशे किलोमीटर आहे. दिल्लीचे अंतर साडेअकराशेच्या आसपास भरते. म्हणजे मुंबईला देशाच्या राजधानीपेक्षा कराची जवळची. सरळ विमान असेल तर दीड-पावणेदोन तासांचा प्रवास. मात्र असे विमानच नाही. मे २०१७ मध्ये पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सने कराची-मुंबई सेवा थांबविली, त्यानंतर ती पूर्ववत झाली नाही. दुबईमार्गे जायचे तर अंतर एकतीसशे किलोमीटर होते आणि विमानातच पाच तास जातात. दुबईच्या विमानतळावरील ताटकळणे वेगळेच.

भारतीय नागरी विमान वाहतुकीचा प्रारंभ याच मार्गावर झाला, हे येथे आठवते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन एकइंजिनी पस मॉथ विमानाने सकाळी कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादेत इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. तरीही प्रवास दिवस मावळण्यापूर्वी संपला! त्या वेळी सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १९३६ मध्ये.

फाळणीनंतर हे अंतर वेळोवेळी कमी-जास्त झाले, पण त्याचे कारण कधीच तांत्रिक नव्हते. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून हवाई संपर्क तुटला, तो बरोबर दोन वर्षांनी जोडला गेला. बालाकोटनंतर, फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात, पाकिस्तानचे आकाश बंद राहिले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना मज्जाव केला. पुढे या बंदीला महिन्यामागून महिना मुदतवाढ मिळत गेली. हल्ले करणाऱ्यांशी व्यवहार सुरळीत कसा ठेवायचा, हा सरकारपुढील प्रश्न खोटा नाही.

परंतु या बंदीचा हिशेब फक्त विमान कंपन्यांच्या नावे मांडला जातो. २०१९ च्या बंदीत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे संसदेत सांगण्यात आले. पालघरच्या खलाशांचा हिशेब असा कोणी मांडत नाही. डहाणू-तलासरी पट्ट्यातील आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात, सागरी हद्दीजवळ पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात पोहोचतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. परंतु यादीत नाव येणे आणि घरी येणे यांत वर्षे जातात. सुटका झाली तरी परतीची प्रचलित वाट कराचीहून लाहोर, तेथून वाघा, अमृतसर आणि मग रेल्वेने खाली, अशी उपखंडाला वळसा घालणारी. भारताचा कराचीतील वाणिज्य दूतावास १९९४ मध्येच बंद झाल्याने चौकशीसाठी जवळ कोणी अधिकारीही नाही.

मार्च २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचे पार्थिव अमृतसरमार्गे गावी पोहोचले, तेव्हा मे महिना उजाडला होता.