पुण्याची पदवी, शिरूरचा बांध
शिरूर अनंतपाळच्या पोरांनी वकिली शिकायला पुण्याला जरूर जावं. इंडियन लॉ सोसायटीचं १९२४ पासूनचं विधी महाविद्यालय तिथंच आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवा, पश्चिम महाराष्ट्राचा कुळकायदा १९४८चा, आपल्या मराठवाड्याचा वेगळा, हैदराबादचा, १९५०चा. इथं बांधाच्या भांडणाची जुनी फाइल उघडली की सातबाराखाली खासरा पाहणीपत्रक निघतं, त्याखाली निजामाच्या काळातला उर्दू कागद, आणि तो वाचणारं गावात कुणी सापडत नाही. शेतकरी बिचारा तारखांवर तारखा घेत बसतो. कॉलेजच्या मोठ्या नावानं त्याचा बांध सुटत नाही. म्हणून सुट्टीत गावी याल तेव्हा तलाठ्याकडे बसून फेरफार वाचा, आणि उर्दू लिपी शिकूनच घ्या.