भुसा कारखान्याच्या दारात ठेवा, आमच्या विहिरीवर नको

साथींनो,

शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे जड धातू सांडपाण्यातून काढायचे तर महागडी यंत्रेच पायजेत, असे कारखानदार सांगत आले. ते खरे नाही. भाताची तुसे, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, पऱ्हाटीचा कोळसा यांच्या अंगाला हे धातू चिकटतात. प्रयोगशाळांत हे कितीदा तरी पाहून झाले आहे.

मग हा भुसा कोणी वापरायचा? गावाने आपापल्या विहिरीवर गाळणी बसवावी, असे म्हणणे सोपे आहे. आमचा त्याला विरोध आहे. काहून, ते सांगतो.

पहिली गोष्ट, पाण्यात काय आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा खारपाणपट्टा आपल्याला माहीत आहे. ते मीठ भुसा धरत नाही. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस गळू लागले, तेव्हा सगळ्यांनी आधी पाण्यावर संशय घेतला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. अंदाजाने औषध करता येत नाही.

दुसरी गोष्ट, भुसा धातूने भरला की पुढचा धातू तसाच पाण्यातून जातो. डोळ्याला काहीच दिसत नाही. क्रोमियम आंबट पाण्यात चांगला धरला जातो, शिसे आणि कॅडमियम त्यापेक्षा कमी आंबट पाण्यात. हे रोज मोजायचे काम कारखान्याचे आहे, पाणी भरणाऱ्या बाईचे नाही.

तिसरी गोष्ट सर्वात मोठी. धातू नाहीसा होत नाही, फक्त पाण्यातून भुशात जातो. असा भुसा चुलीत जाळला तर विष राखेत आणि धुरात येते, उकिरड्यावर टाकला तर शेतात येते. मग तो टाकणार कुठे? दप्तरात जिला पडीक म्हणतात त्या ई-क्लासवर? ती जमीन आम्ही कसतो, तिथे आमची ढोरं चरतात. कायद्याने हा घातक कचरा आहे आणि तो घातक कचऱ्याच्या अधिकृत जागीच गेला पायजे.

म्हणून आमचे म्हणणे असे की धातू जिथे पाण्यात मिसळतो तिथेच, कारखान्याच्या दारात, तो अडवावा. उपाय स्वस्त आहे, म्हणजे 'परवडत नाही' ही सबब आता संपली. आणि नियमही पुरेसा नाही. पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालते, पण कारखान्याला नदीनाल्यात ०.१ मिलिग्रॅमपर्यंत सोडता येते. दहापट! उन्हाळ्यात नाल्यात दुसरे पाणीच नसते, तेव्हा झिरा खोदून तेच पाणी आम्ही पितो.

एक आणखी. ज्याला ते टाकाऊ म्हणतात, ती पऱ्हाटी आमचे सरपण आहे. कोणाला पायजे असेल तर रोख दाम मोजून न्यावी.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला दिला आहे. दावा फक्त सातबाऱ्यापुरता नाही. येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्या:

१. गावच्या विहिरी, हातपंप आणि नाल्याच्या पाण्याची जड धातूंसाठी सरकारी खर्चाने तपासणी व्हावी आणि अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा.
२. आत येणारे आणि बाहेर सोडलेले पाणी, दोन्हींचे आकडे कारखान्याने गावाला द्यावेत.
३. वापरलेला भुसा कुठे गेला याचा हिशोब द्यावा. वनजमिनीवर, गायरानावर, ई-क्लासवर तो एक पोतेही पडू देणार नाही.

ठरावाची नक्कल पोच घेऊन तहसीलदारांना द्या. पोच जपून ठेवा.

जल, जंगल, जमीन – तिन्ही आमचे. जिंदाबाद!