उंटाच्या पाठीपलीकडे

फिनिक्सला आलेल्या पाहुण्याला यजमान हमखास ज्या डोंगरावर नेतो, तो कॅमलबॅक. भर शहरात, 824 मीटर उंच, बसलेल्या उंटासारखा. एको कॅन्यनची वाट जेमतेम दोन किलोमीटरची, पण तेवढ्यात ती जवळपास चारशे मीटर चढवते. खडकावर कठडे लावलेत, तरी हातही टेकावे लागतात. चढाई अस्सलच. अडचण वरच्या दृश्याची: पोहण्याचे तलाव, गोल्फची मैदानं आणि छपरंच छपरं. वाळवंट बघायला आलेल्याने पहिला दिवस इथे घालवू नये.

त्याने पूर्वेची वाट धरावी. तासाभरात सुपरस्टिशन पर्वताची भिंत समोर उभी राहते. सह्याद्रीसारखाच हाही ज्वालामुखीतून घडला. फरक असा की आपल्याकडे लाव्हाचे थर शांतपणे पसरत गेले, तर इथे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी स्फोटक उद्रेकांची राख साचून तिचा खडक झाला. म्हणून इथे आडव्या पट्ट्यांपेक्षा सुळके जास्त. पेराल्टा वाटेने फ्रीमाँट खिंडीत पोहोचलं की त्यातला सर्वात देखणा, वीव्हर्स नीडल, एकदम पुढ्यात येतो. येऊन-जाऊन आठेक किलोमीटर, चढ चारशे मीटर. जेकब वॉल्ट्झ नावाचा जर्मन 1891 मध्ये वारला आणि त्याची सोन्याची खाण याच सुळक्याच्या आसपास असल्याची आख्यायिका मागे राहिली. खाण सापडलेली नाही. शोधताना माणसं मात्र मेली आहेत.

ज्याला खरंच अंगमेहनत हवी, त्याने लॉस्ट डचमन स्टेट पार्कातून सायफन ड्रॉ गाठून फ्लॅटआयर्नवर चढावं. पाण्याने गुळगुळीत केलेल्या खडकापर्यंत आखलेली वाट आहे. पुढे ती संपते आणि उरते ती धोंड्यांची उभी घळ. एकूण चढ साडेआठशे मीटरच्या आसपास. उतरताना गुडघे बोलतात.

मराठी ट्रेकरला इथे सगळ्यात जड जातं ते पंचांग उलटं करणं. त्याचा हंगाम जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर सुरू होतो. फिनिक्सचा नोव्हेंबर ते मार्च. इथेही जून ते सप्टेंबरला मॉन्सूनच म्हणतात, पण तो विजा आणि कोरड्या ओढ्यांतले अचानक लोंढे घेऊन येतो. गडावर असतात तशी पाण्याची टाकी नाहीत, पायथ्याला ताक विकणारी मावशी नाही आणि साग्वारो निवडुंगाची सावली माणसाला पुरत नाही. जवळचं निम्मं पाणी संपलं की शिखर दिसत असलं तरी मागे फिरायचं. चोया निवडुंगाची काटेरी गोळी पायाला चिकटली तर हाताने ओढू नये. ती उडवायला खिशात कंगवा ठेवावा.

2023 च्या उन्हाळ्यात इथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांवर गेला. अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी महापालिका 2021 पासून कॅमलबॅकच्या वाटा भर दिवसा संध्याकाळी पाचपर्यंत बंद ठेवते. यावर स्वातंत्र्याची भाषा करणारे गिर्यारोहक आहेत, पण त्यांना उचलून आणायला अग्निशमन दलालाच त्या उन्हात चढावं लागतं. बंदी योग्यच आहे.

चँडलरच्या चिप उद्योगात लेक किंवा जावई आहे म्हणून मे-जूनचं तिकीट आधीच काढून ठेवलेल्यांनी हे डोंगर गाडीतूनच बघावेत. चालायचंच असेल तर दोन-अडीच तास उत्तरेला, 2,100 मीटर उंचीवरच्या फ्लॅगस्टाफच्या पाइनच्या जंगलात जावं.