सहीआधीचं इंग्रजी

वस्तीवस्तीत इंग्रजीचे क्लास निघालेत. पोरं 'गुड मॉर्निंग', 'हाऊ आर यू' घोकतात. घोका. पण कर्जाचा कागद आपली खुशाली विचारत नाही. तिथे 'फ्लॅट रेट' असतो, 'गॅरेंटर' असतो, 'डिफॉल्ट' असतो. अन् खाली, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीची फुली.

आज्याच्या वेळी सावकाराची वही मोडीत होती, आपला अंगठा होता. आपण सही शिकलो, तोवर वही इंग्रजीत गेली. न वाचता केलेली सही म्हणजे अंगठाच.

मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. हॅच, विंच, स्लिंग हे शब्द तिथल्या निरक्षर म्हाताऱ्यालाही पाठ. कुणी फळ्यावर अर्थ लिहून दिला नाही. स्लिंग सुटली तर खाली कोण मरतो हे कळलं, की शब्द कळला. पैशाचं इंग्रजी असंच शिकवलं पाहिजे.

'फ्लॅट' म्हणजे सपाट, असं सांगणारा मास्तर पोराला बुडवतो. हिशेब मांडा. कर्ज १२,००० रुपये, मुदत एक वर्ष, १२ टक्के फ्लॅट. व्याज १,४४०, महिन्याचा हप्ता १,१२०. मुद्दल दर महिन्याला फिटतंय, पण व्याज शेवटपर्यंत पुऱ्या १२,०००वर. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. आणि 'गॅरेंटर' म्हणजे नुसता ओळख देणारा नव्हे. १८७२च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं : करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदार कर्जदाराइतकाच बांधलेला. दोस्ताने हप्ता बुडवला की वसुलीवाला तुझ्या दारात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर, म्हणजे 'एपीआर', लिहावा लागतो. तेव्हा पहिला धडा हे तीन शब्द. काउंटरवर मोठ्यानं म्हणायचे, आणि पुढे म्हणायचं : मराठीत द्या. मराठी मागण्यापुरतं तरी इंग्रजी आलंच पाहिजे!

१९२३ साली बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडनमध्ये छापला गेला. पैशाचं इंग्रजी आपल्या बापाने कधीच काबीज केलंय. आपण निदान हप्त्याचा कागद तरी वाचू.

वर्गात पुस्तक नको. घरातला कर्जाचा कागद आणा, पगाराची स्लिप आणा. एकेक शब्द धरू, रुपयात मोजू. जो शब्द कळला नाही, त्याच्याखाली सही नाही.